हैकेन : दुसऱ्याची गाडी बघण्याची रीत

आजच्या विषयाची पाटी वाचून आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांनी फोन केला, "अहो, तत्त्वज्ञानाच्या मास्तरांनी गॅरेज कधीपासून उघडलं?" प्रश्न रास्त आहे. आम्ही आयुष्यभर वर्गात सौंदर्यशास्त्र शिकवले आणि गाडीचे बॉनेट फक्त पाणी भरायला उघडले. तरीही आज जपानमधल्या मॉडिफाय केलेल्या गाड्यांवर बोलायचे आहे. त्याहून नेमके सांगायचे तर, अशा गाड्या बघायच्या कशा यावर. कारण आमच्या मते या शंभर वर्षांच्या इतिहासात गाडी बनवणाऱ्याइतकेच काम ती बघणाऱ्याने केले आहे.

सुरुवात एका वाहनतळापासून करू. आमची मुलगी योकोहामाला नोकरी करते. तिच्याकडे गेलो असताना एका रविवारी सकाळी ती म्हणाली, "बाबा, चला, तुम्हाला एक संग्रहालय दाखवते. तिकीट नाही." ती आम्हाला दाइकोकुला घेऊन गेली. समुद्रात भराव घालून केलेले हे बेट. 1989 साली योकोहामा बे ब्रिज सुरू झाला तेव्हापासून द्रुतगती मार्गावरचा हा विसाव्याचा थांबा आहे. स्वच्छतागृह, खाण्याची दुकाने, पार्किंग, बस. वर चहूकडून रस्त्यांची वेटोळी. पायी इथे येताच येत नाही, वाहनानेच यावे लागते. आणि कोणी बोलावलेले नसताना, व्यासपीठ नसताना, शेकडो लोक आपापल्या गाड्या घेऊन येतात, शिस्तीत लावतात आणि एकमेकांच्या गाड्या बघत हिंडतात.

आम्ही पाहिले ते हे. एक गृहस्थ दुसऱ्याच्या गाडीसमोर उभे राहिले, हात पाठीमागे बांधलेले. वाकून चाक बघितले. मागे सरकून गाडीची उंची बघितली. मग मालकाकडे पाहून किंचित मान झुकवली. मालकाने बॉनेट उघडले. दोघांत मोजून चार वाक्ये झाली असतील. बोट कुठेही लागले नाही. ही सगळी रीत आम्हाला ओळखीची वाटली, आणि कुठली ते थोड्या वेळाने आठवले. चहाच्या विधीतली.

जपानी चहाविधीत चहा पिऊन झाला की प्रमुख पाहुणा यजमानाला विनंती करतो, चहाची डबी आणि बांबूचा चमचा बघायला मिळेल का? यजमान त्या वस्तू पुढे ठेवतो. पाहुणा कोपरे मांडीशी टेकवून, वस्तू चटईपासून फार वर न उचलता बघतो, हातून सुटली तरी फुटू नये म्हणून. मग विचारतो, घडण कोणाची, नाव काय. चमच्यालासुद्धा नाव असते! या बघण्याला शब्द आहे 'हैकेन', म्हणजे नमून बघणे. आपल्याला हे समजायला अवघड नाही. आपण सिनेमा बघतो, पण विठोबाला 'बघायला' जात नाही, त्याचे दर्शन घेतो. आमच्या विषयालाही आपण दर्शनच म्हणतो. आता जपानीत स्वतःच्या गाडीला म्हणतात 'आइशा', अक्षरशः लाडकी गाडी. आणि 'आइशा हैकेन', म्हणजे तुमची लाडकी गाडी जरा बघू द्या, हा तिथे रुळलेला शब्दप्रयोग आहे. आमचा आजचा प्रश्न असा, की रस्त्यावरच्या धटिंगणपणाची खूण मानली गेलेली वस्तू हैकेन करण्याच्या योग्यतेला पोचली कशी?

इतिहासात मागे जाऊ. 1923 साली टोकियो भूकंपाने उद्ध्वस्त झाले. त्या शहरात 'आर्ट शोकाई' नावाचे मोटारदुरुस्तीचे दुकान होते आणि तिथे लोहाराचा एक मुलगा शिकाऊ कामगार होता. मालकांनी एक शर्यतीची गाडी बांधायला घेतली. सांगाडा अमेरिकन मिचेल मोटारीचा आणि त्यात बसवले जुन्या विमानाचे, कर्टिस कंपनीचे इंजिन. नोव्हेंबर 1924 मध्ये या गाडीने शर्यत जिंकली. मालकांचे धाकटे भाऊ चालवत होते आणि शेजारी मेकॅनिक म्हणून बसला होता तो मुलगा, सोइचिरो होंडा. वय अठरा. म्हणजे बघा, जपानला स्वतःची मोटार नीट बनवता यायच्या आधी, एकाच्या सांगाड्यात दुसऱ्याचे इंजिन बसवता येत होते. फेरफार आधी आला, कारखाना मागून आला.

दुसरा प्रसंग युद्धानंतरचा. 1955 साली सरकारने सामान्यांना परवडेल अशा 'जनतेच्या गाडी'ची कल्पना मांडली. 1958 ला सुबारू 360 आली. 1962 ला सुझुका इथे शर्यतीचा मार्ग बांधून झाला. 1964 च्या जपान ग्रां प्रीसाठी प्रिन्स कंपनीने काय केले? आपल्या स्कायलाइन या घरगुती चार सिलिंडरच्या गाडीचे नाक वीस सेंटीमीटर लांबवले आणि त्यात मोठ्या ग्लोरिया गाडीचे सहा सिलिंडरचे इंजिन घातले. समोर होती पोर्शे 904, जन्मापासून शर्यतीची. पोर्शेच जिंकली. पण एका फेरीत स्कायलाइन तिच्या पुढे निघाली आणि प्रेक्षक उभे राहिले. शेवटी दुसऱ्यापासून सहाव्या क्रमांकापर्यंत सगळ्या स्कायलाइन होत्या. त्या एका फेरीवर जपानी माणूस आजही बोलतो. आता यात आमच्या कामाचे एवढेच, की देशाने जिच्यावर पहिल्यांदा जीव टाकला ती गाडी मुळाबरहुकूम नव्हती. कापून लांबवलेली होती.

म्हणून सत्तरच्या दशकात तरुणांनी हातात पाना घेतला तेव्हा ते परंपरा मोडत नव्हते. 1973 साली सोइचिरो होंडांचा मुलगा हिरोतोशी याने 'मुगेन' काढली, फुजीच्या पायथ्याशी 'एचकेएस' निघाली. पहिलीने होंडाची इंजिने शर्यतीसाठी तयार केली, दुसरीने साध्या गाडीला बसवता येईल असा टर्बो विकला. फुजी स्पीडवेवर 1971 पासून 'ग्रँड चॅम्पियन' मालिका सुरू होती. ती बघायला येणारी पोरे शर्यतीच्या गाड्यांसारख्या आपल्या गाड्या सजवून येऊ लागली. पुढे बाहेर आलेली पट्टी, तिला नाव पडले 'देप्पा', म्हणजे पुढे आलेले दात. आकाशाकडे तोंड केलेले लांब सायलेन्सर, ते 'ताकेयारी', बांबूचे भाले. जमिनीला टेकेल इतकी खाली आणलेली गाडी, ती 'शाकोतान'. नावेच बघा किती खट्याळ आहेत. स्वतःला हसता येणाऱ्यांनी दिलेली.

पण याच काळात दुसरी गोष्ट घडत होती. बोसोझोकु, म्हणजे टोळ्या करून रात्री रस्ते अडवत, कानठळ्या बसवत जाणारी मुले. यात कोणी मेले, कोणाला चिरडले, दवाखान्याशेजारी रात्रभर आवाज झाले. ते आम्ही गोंडस करून सांगणार नाही. 1978 साली कायदा बदलून एकत्र मिळून धोकादायक वाहने चालवणे हा स्वतंत्र गुन्हा केला. तरी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पोलिसांच्या मोजणीत या मुलांची संख्या चाळीस हजारांवर होती. इकुया सातो नावाच्या समाजशास्त्रज्ञाने क्योतोत या टोळ्यांमध्ये राहून अभ्यास केला आणि 1991 साली त्याचे पुस्तक आले. त्याने दाखवले की गरिबी किंवा न्यूनगंड एवढ्याने हे समजत नाही. हा खेळ होता आणि त्यात भूमिका होत्या. विशी आली की बहुतेक जण सोडून संसाराला लागत. खेळ म्हटला की प्रेक्षक आला. प्रेक्षक नसेल तर भाला आकाशाकडे कशाला रोखायचा?

इथे आम्हाला थांबायचे आहे. मंडळी, हौसेला मोल नाही असे आपण म्हणतो. खर्चाच्या बाबतीत ते खरे. पण हौसेला साक्षीदार लागतो. आणि साक्षीदार कशाला दाद देतो त्यावर हौस कुठल्या वाटेने जाणार ते ठरते. घाटातल्या वळणावर वीस मुले उभी राहून ओरडत असतील, तर चालवणारा पुढच्या वेळी आणखी जोरात येईल. तीच वीस मुले दाराच्या आतल्या बाजूची शिवण बघायला वाकली, तर तो घरी जाऊन शिवण उसवेल आणि पुन्हा घालेल. वेड तेच आहे. दाद कुठे पडली यात फरक आहे.

जपानमध्ये ही दाद हळूहळू हलली, असे आमचे म्हणणे आहे. आपोआप नव्हे, काही माणसांनी आणि काही नियमांनी ती हलवली. 1981 साली 'ऑप्शन' नावाचे मासिक निघाले. त्याचे संपादक दाइजिरो इनादा यांनी 1983 साली टोकियोच्या हारुमी भागात मॉडिफाय केलेल्या गाड्यांचे प्रदर्शन भरवले. तेच पुढे 'टोकियो ऑटो सलोन' झाले. रात्री लपून पळणारी गाडी दिवसा, दिव्याखाली, थांबलेल्या स्थितीत बघायला ठेवली. थांबलेली गाडी! तिचा वेग बघता येत नाही, फक्त काम बघता येते. कोविडपूर्वीच्या वर्षांत तीन दिवसांच्या या प्रदर्शनाला तीन लाखांवर माणसे येत. ज्या कंपन्या पूर्वी नाके मुरडत, त्याच आता तिथे आपले मंडप टाकतात.

घाटातल्या ड्रिफ्टिंगचेही असेच. गाडी आडवी घसरवत वळण घेणे हा डोंगरी रस्त्यांवरचा जीवघेणा खेळ होता. 1995 पासून आलेल्या 'इनिशियल डी' या चित्रकथेने, टोफू पोचवणाऱ्या मुलाच्या जुन्या टोयोटाने, तो घराघरात नेला. काही घाटांत सरकारला वळणांवर मुद्दाम उंचवटे करावे लागले. मग या शतकाच्या तोंडाशी ड्रायव्हर केइइचि त्सुचिया आणि हेच इनादा यांनी ड्रिफ्टिंगच्या स्पर्धा बंद मार्गावर सुरू केल्या. या स्पर्धेत पहिला कोण आला हे बघत नाहीत. परीक्षक बसतात आणि वळण कसे घेतले याला गुण देतात. म्हणजे बघणाऱ्यालाच खुर्ची दिली.

आणि नियम. जपानमध्ये 'शाकेन' नावाची तपासणी आहे, आपल्या भाषेत पासिंग. 1951 च्या कायद्यापासून. आजच्या नियमाने नवी खासगी गाडी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी न्यावी लागते. दिवे, आवाज, धूर, ब्रेक, सगळे बघतात. तळ जमिनीपासून नऊ सेंटीमीटर वर हवा. 1995 साली, अमेरिकेशी मोटारींच्या सुट्या भागांवरून वाटाघाटी झाल्या त्याच वर्षी, हे नियम बरेच सैल झाले. ठरावीक भाग कागदपत्रांशिवाय बदलता येऊ लागले, आणि मोठा बदल असेल तर अर्ज करून, तपासून घेऊन तो नोंदवता येतो. त्यामुळे आज एखादा मालक अभिमानाने सांगतो की आमची गाडी मान्यताप्राप्त आहे. नऊ सेंटीमीटरला साडेनऊवर आणून थांबलेली गाडी बघताना जाणकार हसतो. त्याला कळते, की या माणसाने मोजपट्टी घेऊन रात्र काढली आहे.

आम्हाला इथे कुकि शूझो आठवतात. हे तत्त्वज्ञ युरोपात हायडेगरकडे शिकून परत गेले आणि 1930 साली त्यांनी 'इकि' या एका जपानी शब्दावर ग्रंथ लिहिला. इकि म्हणजे एदो शहरातल्या, म्हणजे जुन्या टोकियोतल्या, व्यापाऱ्या-कारागिरांची ऐट. त्या काळी शासनाचे दंडक होते की या वर्गाने भपकेदार रेशीम घालायचे नाही. मग त्यांनी काय केले? बाहेरून साधा, करड्या रंगाचा किमोनो आणि आतले अस्तर उंची, चित्रांनी भरलेले. चालताना कधी कड उलटली तर दिसेल, आणि तेही ज्याला नजर आहे त्यालाच. बंदीने ऐट मेली नाही, आत गेली आणि बारीक झाली. जपानच्या मोटारकंपन्यांनीही 1989 पासून 2004 पर्यंत आपसात ठरवून गाड्यांची ताकद 280 अश्वशक्तीवर थांबवली होती. चिमुकल्या 'केइ' गाड्यांवर तर इंजिन, लांबी, रुंदी, ताकद, सगळ्यावर मर्यादा. अशा कुंपणांच्या देशात हौशी माणूस अस्तराकडे वळतो.

अर्थात सगळेच अस्तर नाही. दाइकोकुला आम्ही 'इताशा' पाहिल्या, सगळ्या अंगावर कार्टूनमधल्या मुलींची चित्रे. हा शब्द श्लेषाचा आहे. एरवी इटालियन गाडीला म्हणतात, पण इथे अर्थ 'बघून दुखावे अशी गाडी'. मालकच असे म्हणतात! कुठे पोर्शेचे मडगार्ड कापून रुंद केलेले. ते काम अकिरा नाकाई यांच्या धाटणीचे, असे मुलीने सांगितले. हे गृहस्थ जगभर जाऊन मालकासमोर स्वतःच्या हाताने पत्रा कापतात आणि प्रत्येक गाडीला नाव देतात. आम्हाला लगेच तो चहाचा चमचा आठवला. आवडले का? खरे सांगायचे तर सगळे नाही. पण न आवडलेली गोष्टही हात पाठीमागे बांधून बघता येते, हे त्या दिवशी कळले. आपल्या मैफलीत न पटलेल्या तानेला आपण गप्प बसतो, उठून जात नाही. त्यातलेच हे.

एक आक्षेप आमच्या मनात आहे आणि तो तुमच्याही असेल. हे सगळे भरल्या पोटाचे खेळ नव्हेत का? आपल्याकडे 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही. आपल्या रस्त्यांवरचे कर्णे आणि फोडलेले सायलेन्सर ऐकून आम्हालाही वाटते, बरे झाले. शिवाय दाइकोकुही काही पुण्यक्षेत्र नाही. अलीकडे तिथे परदेशी पर्यटकांची, म्हणजे आमच्यासारख्यांचीच, गर्दी फार वाढली आहे. मोबाइल पुढे करून लोक खुणा करतात, रेस कर, आवाज काढ. कोणी काढतो. मग पोलिस येतात, भोंग्यावरून सांगतात आणि वाहनतळ रिकामा करवतात. आमचे म्हणणे यातच सिद्ध होते. चाळीस वर्षांत मिळवलेली रीत चुकीची दाद देणारे लोक एका रात्रीत घालवू शकतात.

आता एक घरगुती गोष्ट सांगून थांबतो. त्या दिवशी कोपऱ्यात एक बुटकी, पांढरी गाडी उभी होती. आम्ही एकदम म्हणालो, "अगं, ही आपली आठशे!" तशी ती नव्हती. ती सुझुकी आल्टो वर्क्स होती, 1987 च्या सुमाराची. पण नाते सख्ख्या बहिणीचे. 1986 पासून आपल्याकडे आलेली मारुती 800 याच पिढीच्या आल्टोवरून घेतलेली. आपल्याकडची बहीण सरळमार्गी. तिकडच्या बहिणीला साडेपाचशे सीसीच्या आत टर्बो लावून चौसष्ट अश्वशक्ती काढली होती. तिच्यामुळेच पुढे सगळ्या केइ गाड्यांची मर्यादा चौसष्टवर ठरली. मालक साठीचे. आम्ही हात पाठीमागे बांधले, वाकलो. जमेल तितके नमून बघितले. डॅशबोर्डवर एक जादा तबकडी बसवली होती, टर्बोचा दाब दाखवणारी, आणि तिची वायर कुठून गेली आहे ते दिसतच नव्हते. मुलीनेच ते आधी हेरले. तिने विचारले, मालकाने दोन वाक्यांत सांगितले आणि दोघे बराच वेळ त्या न दिसणाऱ्या वायरकडे बघत राहिले.

परतताना आम्हाला आठवले. ही मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना तिने आमच्या मारुतीत इंजिनाचे फेरे दाखवणारी तबकडी बसवली होती. जुन्या बाजारातून आणलेली, स्वतः सोल्डर केलेली. आम्ही गाडीत बसलो, ती बघितली आणि म्हणालो, "गाडी आहे, खेळणं नाही." दुसऱ्या दिवशी मेकॅनिककडून काढून घेतली. डॅशबोर्डला राहिलेली दोन भोके गाडी विकेपर्यंत तशीच होती. बसवण्याआधी तिने आम्हाला विचारले नव्हते हे खरे. पण काढण्याआधी आम्ही ती नीट बघितलीही नव्हती. वायर तिने कुठून नेली होती, आज सांगता येणार नाही.

गाडीत आम्ही तिला विचारले, "ती तबकडी चालत होती का गं?" ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "दोनशे फेरे जास्त दाखवायची. दुरुस्त करणार होते."

मंडळी, आम्ही पस्तीस वर्षे वर्गात सांगितले की रसिकाशिवाय कला पुरी होत नाही. आपल्या घरात कोणी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसले असेल तर ते बरोबर की चूक, कायद्यात बसते की नाही, ते जरूर सांगा. सांगावेच लागते. फक्त आधी हात पाठीमागे बांधून, वाकून, एकदा बघा. मग बोला.

आम्ही इथे थांबतो.